दोन परक्या भाषा एकदम शिकाव्यात का?

जीएनएम झालेली मुलगी. नगरच्या एका खासगी दवाखान्यात पाळीवर काम करते. सकाळी जर्मनचा ऑनलाइन क्लास, संध्याकाळी मोबाइलवर जपानी. क्लासवाल्याने सांगितले आहे, दोन्ही करून ठेवा, जिकडे आधी नंबर लागेल तिकडे जाता येईल. रात्रपाळी असली की झोप चार तासांवर येते. तिची आई आम्हाला विहारात भेटली तेव्हा म्हणाली, "एवढ्या भाषा डोक्यात कोंबून पोरीच्या डोक्यावर परिणाम तर होणार नाही ना?"

नागापूर एमआयडीसीत काम करणाऱ्या आयटीआयच्या मुलांच्या घरीही हाच प्रश्न आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, तेव्हापासून वस्तीवस्तीत जर्मन भाषेचे नाव निघते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर भाषेचा विषय घेतला आहे.

आईच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की भाषांनी डोके बिघडत नाही. मेंदू म्हणजे हंडा नव्हे, की दोन घागरी जास्त ओतल्या तर सांडेल. आपल्याच वस्तीत पाहा. घरी मराठी, बाजारात हिंदी, शाळेत इंग्रजी, विहारात पाली वंदना. कोणाला त्याचा त्रास झालेला नाही. त्रास होतो तो अपुऱ्या झोपेने, आणि दोन्ही भाषा शून्यापासून एकाच वेळी सुरू केल्याने.

इथे कोणी म्हणेल, बाबासाहेबांनी नाही का केले? केले. शाळेत संस्कृत शिकू दिले नाही म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. 1913 ते 1916 या काळात कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र यांचे ढीगभर अभ्यासक्रम करताना त्यांनी प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन हे दोन्ही विषय घेतले. पुढे 1922 साली जर्मनीत बॉन विद्यापीठात नाव नोंदवले. संस्कृत त्यांनी नंतर स्वतःच्या हिमतीने शिकून घेतली. पाली शब्दकोशाचे त्यांचे काम तर शासनाने छापलेल्या ग्रंथमालेचा 16 वा खंड आहे. पण नीट बघा, ही यादी आयुष्यभराची आहे. फ्रेंच आणि जर्मन जोडीने घेतल्या तेव्हा ते पूर्णवेळ विद्यार्थी होते, रात्रपाळी करून आलेले नव्हते. शिवाय त्या भाषा अभ्यासाचे ग्रंथ वाचण्यासाठी होत्या. पुस्तक थांबून राहते, वेदनेने कण्हणारा रुग्ण थांबत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यातले आहे. ऑगस्ट 1942 पासून तिथे काँग्रेसचे बारा नेते कैदेत होते. त्यांत आचार्य नरेंद्र देव होते. संस्कृत, पाली आणि फ्रेंच जाणणारे, आणि दम्याने बेजार. वसुबंधूंच्या अभिधर्मकोशाचे बेल्जियमचे पंडित पूसाँ यांनी चिनी आणि तिबेटी प्रतींच्या आधारे फ्रेंच भाषांतर केले होते. त्याचे हिंदी करण्याचे काम नरेंद्र देवांनी या किल्ल्यात केले. संस्कृतातला बौद्ध ग्रंथ चिनीतून फ्रेंचमध्ये आणि तिथून नगरच्या तुरुंगात हिंदीत आला! (किल्ल्यावरून रोज भिंगारला जाणाऱ्या आपल्यातल्या कितीजणांना हे माहीत आहे?) एवढ्या भाषा त्यांच्या डोक्यात एकमेकींना अडवत नव्हत्या, कारण प्रत्येक आधीच मुरलेली होती. मुरायला वेळ लागतो, आणि आपल्या मुलीला नेमका तोच वेळ मिळत नाही.

मुरणे म्हणजे काय? दिवसभरात ऐकलेला नवा शब्द मेंदूत आधी कच्चा असतो. रात्री गाढ झोपेत मेंदू दिवसभराची उजळणी करतो आणि तो शब्द पक्का बसवतो. झोप मोडली की हे काम अर्धवट राहते. मग मुलगी म्हणते, "काल पाठ केलेले आज आठवत नाही, माझे डोकेच नाही." डोके आहे, झोप नाही. विसरण्यावर पहिले शिस्तीचे प्रयोग एबिंगहाउस या जर्मन माणसाने स्वतःवरच केले आणि 1885 मध्ये छापले. शिकलेल्यातले बरेचसे पहिल्या दिवसातच निसटते, पण थोडे थोडे अंतर ठेवून उजळणी केली की टिकते, असे त्याला आढळले. एका बैठकीत चार तास घोकण्यापेक्षा आज अर्धा तास, उद्या अर्धा तास, परत तीन दिवसांनी आणि आठवड्याने, हे जास्त कामाचे.

दोन नव्या भाषा एकत्र आल्या की आणखी एक गोष्ट होते. जर्मन शब्द शोधताना मराठी फारशी आड येत नाही, ती पक्की बसलेली असते. आड येते ती दुसरी कच्ची भाषा. "हो"साठी जर्मनमध्ये "या" म्हणायचे तर तोंडात जपानी "हाइ" येते. अर्धवट येणारी इंग्रजीही अशीच घोळ घालते. जर्मन "नाइन" म्हणजे नऊ नव्हे, "नाही". आणि जर्मनमध्ये "गिफ्ट" म्हणजे भेटवस्तू नव्हे, विष! दवाखान्यात काम करणाऱ्या मुलीने हा शब्द तरी विसरू नये.

याउलट मराठी मदतीला येते, हे क्लासमध्ये फारसे कोणी सांगत नाही. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत म्हणून इंग्रजी शाळेतली मुले घाबरतात. आपल्याला तो, ती, ते जन्मापासून येते. मुलीसाठीचा जर्मन शब्द नपुंसकलिंगी आहे म्हणून हसायचे कारण नाही, आपण "पोरगं" म्हणतोच की. जपानीत क्रियापद आपल्यासारखे वाक्याच्या शेवटी येते, आणि ला, चा, त लावतो तसे तिथेही शब्दामागे जोडतात.

आता हिशेब. जर्मनची पायरी ए-1 पासून सुरू होते. बी-1 पर्यंत जायला 45 मिनिटांचे साधारण 350 ते 650 तास लागतात, असे गोएथे इन्स्टिट्यूट सांगते. रोज घड्याळी दोन तास दिले तर हे चार ते आठ महिने झाले. परिचारिकेला तिथे पूर्ण मान्यता मिळवायला बहुधा त्यापुढची बी-2 लागते. जपानला विशेष कुशल कामगार म्हणून जायचे तर किमान एन-4 किंवा त्या तोडीची परीक्षा. तेच दोन तास दोन भाषांत वाटले तर वर्षाच्या शेवटी हातात दोन अर्धवट भाषा राहतात, आणि अर्धवट भाषेवर व्हिसा मिळत नाही. दोन क्लासची फी मात्र पूर्ण जाते. बचत गटाचे कर्ज काढून भरलेली असली तर तो ताण वेगळाच.

म्हणून आमचे मत असे. आधी कुठल्या देशाला जायचे ते घरात बसून ठरवा आणि एक भाषा बी-1 पर्यंत न्या. मग दुसरी सुरू करायला हरकत नाही, पहिली तोवर मुरलेली असते. दोन्ही आताच करायच्या असा हट्टच असेल, तर एक मुख्य धरा आणि दुसरीला रोज वीस मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका. वही वेगळी, वेळ वेगळी, जमल्यास बसायची जागाही वेगळी. रात्रपाळीहून आल्यावर आधी झोप, मग क्लास. थेट क्लास चुकला तर रेकॉर्डिंग बघता येते, चुकलेली झोप तशी भरून निघत नाही. शब्द मोठ्याने म्हणा, शेजारचे हसले तरी चालेल.

आठ तास झोपूनही लक्ष लागत नसेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर दोष भाषेचा नसेल. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाईमाणसाचे ते 12 च्या खाली असेल तर पंडुरोग आहे, आणि आपल्या घरांत तो फार आहे. औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या.

विहारात एका आजीने विचारले, "मग आम्ही म्हाताऱ्यांनी काय शिकायचं?" त्यांच्यासाठी हैदराबादची एक गोष्ट. तिथल्या डॉक्टर सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाचे 648 रुग्ण तपासले आणि 2013 मध्ये निष्कर्ष छापले. दोन भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसला, आणि ज्यांना अक्षरओळखही नव्हती त्यांच्यातही हा फरक होता. दोनपेक्षा जास्त भाषांनी मात्र वेगळा फायदा दिसला नाही. सगळ्या संशोधनांत असाच निकाल आलेला नाही, हेही सांगायला हवे. पण मराठी बोलणाऱ्या आणि बाजारात हिंदीत भांडणाऱ्या आजीला जर्मनच्या क्लासची गरज नाही एवढे नक्की.

त्या मुलीने जपानीचा क्लास सध्या थांबवला आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात ती दुपारी झोपून उठल्यावर अभ्यासिकेत बसते, आणि तिची आई दाराबाहेर पोरांना गलका करू देत नाही.