परसातली कोंबडी : अंड्यांच्या आधी स्वभाव विचारा



उसाची लावण झाली की बिल हाती पडेपर्यंत वर्ष-दीड वर्ष जाते. मधल्या काळात मीठ-मिरची, पोरांच्या वह्या-पेनं यांचा खर्च बऱ्याच घरी कोंबड्यांवरच भागतो, आणि तो पैसा बाईमाणसाच्या हातात राहतो हे त्यातले विशेष. रिसोडकडच्या वाड्या-वस्त्यांवर परसात आठ-दहा कोंबड्या असणे काही नवीन नाही. पण कोंबडी घ्यायला गेलो की आपण एकच विचारतो, "अंडी किती देते?" ती सांभाळणार कोण, हे मनातही येत नाही. घरधनी उसाच्या पाण्यावर. दाणे टाकणार म्हातारी, अंडी गोळा करणार पोरं. मग कोंबडी स्वभावाने कशी आहे, हे आधी पाहायला नको का?

हे मला अनुभवाने कळले. बाजारातून एक उंच मानेचा, तांबडा, डौलदार कोंबडा आणला. विकणारा म्हणाला, "जातवंत आहे, डोळे झाकून न्या." महिनाभर ऐटीत हिंडला. एके दिवशी धाकटा मुलगा अंडं उचलायला वाकला, तर याने झेप घेऊन पायामागचा टोकदार काटा त्याच्या गालावर ओढला. बोटभर वर लागता तर डोळा गेला असता. आईने त्याच संध्याकाळी बजावले, "हा कोंबडा तरी राहीन या घरात, नाहीतर मी तरी." रविवारी त्याचा रस्सा झाला.

तेव्हापासून मी जातींची चौकशी करू लागलो. लोक आसीलला सरसकट मारकुटा म्हणतात, ते अर्धेच खरे आहे. हाताखाली वाढलेला आसील माणसाशी बऱ्यापैकी गरीब असतो. त्याचे वैर दुसऱ्या कोंबड्याशी. दोन आसील नर एका परसात नांदत नाहीत. झुंजी लावायचा विचार कुणाच्या मनात असेल तर १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने तो गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्या.

अंड्यांच्या आकड्याला भुलून पांढरी लेगहॉर्न आणणारे पुष्कळ. मूळची इटलीची ही जात अंड्यांना अव्वल खरी, पण पिंजऱ्यातच शोभते. अंगाने हलकी, स्वभावाने बुजरी. भांडे वाजले की कुंपणावरून शेजाऱ्याच्या वांग्यांत. शिवाय खुडूक बसायचे नाव नाही. झाबुआकडच्या कडकनाथाचे आज मोठे नाव आहे, २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण तोही बुजराच. संध्याकाळी खुराड्यात यायच्या ऐवजी झाडावर बसतो, आणि मग रात्री बोक्याची चंगळ.

शांत म्हणावी तर काळी ऑस्ट्रेलॉर्प. ऑस्ट्रेलियात १९२२-२३ साली या जातीच्या सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १८५७ अंडी दिली होती, म्हणजे गरीब स्वभावाची कोंबडी अंड्यांत मागे असते असे नाही. (आपल्या उकिरड्यावर तो आकडा निघेल अशी आशा मात्र धरू नका.) तांबडी ऱ्होड आयलंड रेडही घरात रुळते, तिचा नर कधीकधी अंगावर येतो, मादी नाही. दोघींची अंडी तपकिरी, गिऱ्हाईक गावरानच्या भावाने घेते.

परसासाठी म्हणून मुद्दाम काढलेल्या जातीही आता मिळतात. बंगळूरची गिरिराज, हैदराबादची वनराज आणि ग्रामप्रिया. वनराज रंगीबेरंगी, अंगाने भारी, स्वभावाने निवांत. गावरान कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते, तर ही १०० च्या आसपास. पोरांनी उचलून घेतली तरी ओरडत नाही. पण या निवांतपणाची किंमत आहे. घार आली तर गावरान कोंबडी पिल्लांसह तुरीत गडप होते, वनराज बघत राहते. जड अंगाने उन्हाळाही सोसवत नाही. वैशाखात दुपारी सावली आणि गार पाणी हवेच. लाडाने जास्त दाणे घातले तर चरबी धरते आणि अंडी आटतात. ग्रामप्रिया हलकी, थोडी चपळ, अंडी जास्त. आणि या संकरित कोंबड्यांची अंडी उबवून पुढची पिढी तशीच निघत नाही. पिल्ले पुन्हा विकत आणावी लागतात.

म्हणून माझे मत असे, की सहा वनराज किंवा ग्रामप्रिया घ्या, त्यांच्यात दोन गावरान ठेवा. खुडूक गावरान कोंबडीखाली १०-१२ अंडी ठेवली की २१ व्या दिवशी पिल्ले, आणि तिच्यासारखी आई कोणत्याच यंत्रात नाही. आठ-दहा माद्यांना एकच नर पुरे. मानेवर पिसे नसलेली गावरान दिसली तर कुरूप म्हणून नाकारू नका, ती उन्हाला चांगली टिकते.

स्वभाव अर्धा जातीचा, अर्धा हाताचा. पहिले तीन-चार आठवडे पिल्लांना रोज हातावर कणी चारा, "ती ती ती" अशी एकच हाक ठेवा. पुढे त्या हाकेवर सगळी जमात खुराड्यात येते. कच्चे सोयाबीन मात्र घालू नका, भाजूनच द्या; बीजप्रक्रिया केलेले उरलेले बियाणे तर चुकूनही नाही. खुराड्यात बगॅस अंथरायची तर खडखडीत वाळलेली. ओलीला बुरशी धरते आणि पिल्ले धापा टाकतात.

पिल्ले सायकलवाल्याकडून घेण्यापेक्षा पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरला आहेत. मानमोडी, म्हणजे राणीखेत, एकदा शिरली की शांत आणि भांडखोर सगळ्या सारख्याच जातात. पाच ते सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा एक थेंब, सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बी टोचून घ्यायची. अडचण अशी, की लसीची एक बाटली शंभरेक पक्ष्यांची येते आणि कालवल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी ती कोण आणणार? आळीतल्या आठ-दहा घरांनी एकाच आठवड्यात पिल्ले आणली, तर एकाच थर्मासात बर्फावर बाटली येईल आणि एका सकाळीच सगळ्यांचे काम उरकेल.