उजेड कुठे अडवायचा

मार्च संपत आलाय. जालन्यात दुपारी एकलाच डांबर मऊ पडायला लागलंय. खाली कृषी सेवा केंद्र, बाजूने अरुंद जिना, वर स्टुडिओ. पायऱ्यांवर माणसं बसलेली आहेत. सगळ्यांत खाली बियाणे कंपनीचा माणूस, मांडीवर पुठ्ठ्याचा खोका. त्याच्या वरच्या पायरीवर अंबडकडचे एक बागायतदार, डोक्याला रुमाल, पायाशी मोसंबीचं क्रेट. आणखी वर बचत गटाच्या दोन ताई. एकीच्या पिशवीत करडईच्या तेलाच्या बाटल्या, दुसरीच्या हातात ज्वारीची थैली. रोलिंग मिलचा पोरगा जागा नाही म्हणून भिंतीला टेकून उभा. त्याने कापडात काहीतरी जड गुंडाळून आणलंय. कुणी कुणाला घाई करत नाही. पाण्याचा जार वरच्या वळणावर आहे आणि स्टीलचा एकच पेला हातोहात फिरतोय.

दार ढकललं की आधी अंधार लागतो. खिडक्यांना काळं रेक्झिन ठोकलंय. बाहेरचं ऊन सकाळी पिवळसर, दुपारी पांढरं, संध्याकाळी तांबूस. ते आत आलं तर एकाच वस्तूचे दोन फोटो जुळत नाहीत. भिंतीवर जुने लग्नाचे फोटो अजून आहेत, हार घातलेली जोडपी. पण खोलीचा मधला भाग आता एका टेबलाने घेतलाय. टेबलावर पांढरं ॲक्रेलिक, मागे वर चढत गेलेला कागद. दोन्ही बाजूंना स्टँड, त्यांवर सॉफ्टबॉक्स. कोपऱ्यात थर्माकोलचे पांढरे तुकडे, काळे पुठ्ठे, चिमटे, बटर पेपरची गुंडाळी. लाखाच्या सामानापेक्षा या कोपऱ्यातल्या सामानालाच जास्त हात लागतात.

"पंखा बंद कर रे."

मदतनीस मुलगा बटण दाबतो. क्षणात कपाळावर घाम येतो. पंखा बंद ठेवणं भागच आहे, कारण टेबलावर कापसाचं एकच बोंड तारेवर उभं केलंय आणि वाऱ्याने त्याचे तंतू हलतात.

बोंड पाच पाकळ्यांचं आहे. हंगाम संपल्यावर खोक्यात जपून ठेवलेलं. पहिला फोटो समोरून उजेड टाकून घेतलाय, तो लॅपटॉपवर उघडा आहे. नुसता पांढरा गोळा. फोटोग्राफर दादा बोलत नाहीत. डावा सॉफ्टबॉक्स उचलतात, बोंडाच्या बाजूला आणि थोडा मागे नेतात. उजवा दिवा बंद. त्या जागी थर्माकोलचा तळहाताएवढा तुकडा उभा करतात. शटर पडतं, फ्लॅश फटकन उडतो. पडद्यावर आता पाकळी पाकळीपासून सुटलेली. दोन पाकळ्यांच्या मधल्या घळीत करडी सावली बसली आहे आणि काठाचे तंतू एकेक दिसतायत.

"जरा अजून पांढरं करता येईल का?" कंपनीचा माणूस विचारतो.

"अजून पांढरं केलं तर पाकळ्या जातील, साहेब. शेतकरी पाकळ्याच मोजतो."

ते खरं आहे. खालच्या दुकानात उभं राहिलं की दिसतं. माणूस पाकीट हातात घेतो, उलटतो, पुन्हा सुलटं करतो. कपाशीचं पाकीट ४७५ ग्रॅमचं. बी आत असतं, बंद. मागचा मजकूर बारीक, उगवणीची टक्केवारी त्याहून बारीक. डोळ्यांसमोर उरतो तो फोटो, आणि त्याच्या भरवशावर एक अख्खं खरीप जातं. हा उजेड खोटा पडला तर फसतो तो शेतात राबणारा. म्हणून या खोलीतल्या हळूपणाचं मला मोल वाटतं.

बोंडामागचा कागद पांढराच आहे, पण पडद्यावर तो राखी दिसतोय. त्याला रंग दिलेला नाही. टेबल कागदापासून पुढे ओढलंय, दिवा बोंडाच्या जवळ आणलाय. दिवा दुप्पट लांब गेला की उजेड निम्मा नाही, चौथाई होतो. बोंड दिव्याजवळ, कागद लांब, म्हणून कागद आपोआप मावळतो. पांढऱ्यावर पांढरं उठून दिसायला एवढं पुरतं. कॅमेऱ्यावर आकडे स्थिर आहेत. आयएसओ १००, छिद्र एफ ११, शटर सेकंदाचा १२५ वा भाग. दिवे चालू असेपर्यंत त्यांना हात लागत नाही. हलतात ते दिवे आणि पुठ्ठे.

बियाण्याचं पाकीट पटकन उरकतं. चकचकीत पाऊच, त्यावर सुरकुत्या, प्रत्येक सुरकुतीवर दिव्याचा ठिपका. मुलगा आतून स्पंज भरून पाऊच ताणतो. दिव्यासमोर बटर पेपर ताणला जातो, ठिपके विरघळून एक लांब मऊ पट्टा होतो. झालं.

मग मिलचा पोरगा कापड सोडतो. बारा एमएमच्या सळईचा हातभर तुकडा, आणि सोबत पंचवीस एमएमची कापून घासलेली एक चकती. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत अशी सळई रात्रंदिवस लाटली जाते. रोलमधून लालभडक बाहेर पडली की तिच्यावर पाण्याचे जोरदार फवारे बसतात. बाहेरचा थर एकदम निवून टणक होतो, गाभा सावकाश निवून लवचिक राहतो. चकतीला ॲसिड लावलं की हेच डोळ्यांना दिसतं, कडेला गडद कडं आणि आत फिकट गाभा. मिलला माहितीपत्रकात ते कडं हवंय.

आधी सळई. तिच्यावर नाव उठवलेलं आहे, लोखंडावर लोखंडाचीच अक्षरं. समोरून उजेड टाकला तर ती वाचता येत नाहीत. दादा दिव्याला जाळी लावतात आणि तो टेबलाच्या पातळीवर उतरवतात. तिरपा उजेड सळईवरून घसरत जातो. अक्षराची एक बाजू उजळते, दुसऱ्या बाजूला बारीक सावली पडते आणि नाव वर येतं. संध्याकाळच्या उन्हात नांगरलेल्या रानाचं तास न् तास दिसतं, तसं.

चकतीला वेळ लागतो. ती आरसाच आहे. तिच्यात छत दिसतं, कॅमेरा दिसतो, मिलच्या पोराचा पांढरा शर्ट दिसतो.

"भाऊ, जरा मागं सरका."

पोरगा सरकतो, शर्ट चकतीतून जातो. दादा आणि मुलगा दोघंही काळ्या टी-शर्टमध्ये का आहेत, ते आता कळतं. अशा वस्तूवर उजेड टाकून भागत नाही. तिच्यासमोर काय उभं आहे, तेच ती दाखवते. उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो. त्या कोनावर पांढरा पुठ्ठा धरला की चकती पांढरी, काळा धरला की काळी. मुलगा पांढरा पुठ्ठा धरून उभा राहतो. थोडा वर. थोडा डावीकडे. खाली. त्याच्या मनगटावरून घामाचा ओघळ कोपरापर्यंत येतो, पण पुठ्ठा हलत नाही. पडद्यावर एकाएकी कडं उमटतं, काळसर, पूर्ण गोल, आणि आत राखी गाभा. पोरगा मोबाइल काढून पडद्याचाच फोटो घेतो आणि मिलवर पाठवतो.

आता मोसंबी. काका क्रेटमधून फळं निवडतात, धोतराच्या सोग्याला पुसतात. फळ हिरवट आहे, देठाकडे जास्त. जिन्यातल्या पिवळ्या बल्बखाली ते चांगलं पिकलेलं वाटत होतं. इथे दिव्यांचा रंग ५५०० केल्व्हिनचा, भर दुपारच्या उन्हाजवळचा, आणि त्यात हिरवं ते हिरवंच. दादा फळाशेजारी करडं कार्ड ठेवून एक फोटो घेतात. कॅमेऱ्याला करडं म्हणजे काय ते एकदा सांगितलं की बाकीचे रंग जागेवर येतात.

"पिवळं नाही दिसत हो," काका म्हणतात.

"पिवळं करून देतो, काका. पण मुंबईच्या व्यापाऱ्यानं पेटी उघडल्यावर काय म्हणायचं?"

काका विचार करतात. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. दुष्काळात टँकरने पाणी विकत घालून जगवलेल्या बागा या भागाने पाहिल्या आहेत, आणि जगल्या नाहीत त्या तोडून सरपणाला गेलेल्याही.

"राहू द्या मग. आहे तसंच."

मुलगा फवाऱ्याची बाटली घेऊन येतो. पाण्यात ग्लिसरीन मिसळलं की थेंब सालीवर टिकून राहतात, फळ ताजं दिसतं. काका हात आडवा धरतात. त्यांना ओलं फळ नको. बाटली जागेवर जाते. लेन्सवर पोलरायझर बसतो, दादा त्याची कडी फिरवतात आणि सालीवरची चकाकी उतरत जाते. सालीची छिद्रं वर येतात. दुसरं फळ आडवं चिरलं जातं. पातळ चकती ॲक्रेलिकवर ठेवून खालून दिवा लावला की फोडीतल्या रसाच्या पिशव्या एकेक मोजता येतील अशा उजळतात. खोलीभर मोसंबीचा वास पसरतो.

फटकन सगळं विझतं. वीज गेली.

लॅपटॉप इन्व्हर्टरवर चालू आहे, मोठे फ्लॅश त्यावर चालत नाहीत. माणसं पुन्हा जिन्यात येऊन बसतात. कुणीतरी खालून चहा सांगतं. दादा मात्र उत्तरेच्या खिडकीचं रेक्झिन सोडवतात. तिकडे ऊन थेट येत नाही, नुसतं आभाळ येतं.

"ताई, ज्वारी द्या."

थैली परातीत उपडी होते. दगडी ज्वारी, जालन्याची. २०२४ मध्ये तिलाही मानांकन मिळालंय. दादा परात खिडकीला लावतात. आतल्या बाजूने काळा पुठ्ठा उभा करतात, म्हणजे खोलीतला परतीचा उजेड अडेल. दाण्याची एक बाजू उजळ, दुसरी गडद, मधे तुकतुकीत रेघ. कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर लांबवलेलं. या पाच-सात फोटोंना एकही दिवा लागत नाही. एक ताई हात घालून दाणे सारखे करायला जातात, दादा थांबवतात. दुसऱ्या म्हणतात, "असू दे गं, खळ्यात असंच पडतं."

चहा येतो आणि पाठोपाठ वीज. रेक्झिन पुन्हा लागतं.

"आता आधी बाटली घ्या दादा. आमची पाचची एसटी आहे."

तेलाची बाटली टेबलावर चढते. सगळे दिवे तिच्या पाठीमागे जातात. पांढरा कागद उजळतो, तेल आतून सोनेरी होतं, पण काचेच्या कडा उजेडात हरवतात. मुलगा न सांगता दोन अरुंद काळे पुठ्ठे घेऊन येतो आणि चौकटीत येणार नाहीत इतपत अंतरावर बाटलीच्या दोन्ही अंगांना उभे करतो. काचेला दोन्हीकडून बारीक काळी रेघ येते. बाटलीला आकार येतो. राहिलं लेबल, ते समोरून अंधारात आहे. गावाचं नाव त्याच्यावर आहे, ते वाचता आलं पाहिजे, असं ताई दोनदा सांगतात. दादा हातात मावेल एवढा थर्माकोल घेतात आणि लेन्सच्या खाली धरून त्याचा कोन शोधू लागतात.