कर्मवीरांचे घर

के. आर. पुरम शाखेत बदली झाल्याचे पत्र हाती पडले, तेव्हा साताऱ्याला आईचा पहिला प्रश्न होता, "तिथे आपल्याकडचं कोणी आहे का रे?" मी नकारार्थी मान हलवली होती. बंगळुरूच्या पूर्व टोकाला, जुन्या मद्रास रस्त्यावर वसलेले हे उपनगर. जवळच दूरवाणीनगर. १९४८ साली तेथे सरकारी टेलिफोन कारखाना उभा राहिला आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे कामाला आली. रेल्वे स्थानकालगत तारांनी तोललेला पूल आहे, तर २०२३ पासून मेट्रोही दारात आली. या साऱ्या गर्दीत आपल्या जिल्ह्याचा माणूस कोठून भेटणार, असे मला वाटले होते.

तो भेटला आमच्या सोनेतारण कर्जाच्या टेबलाशी. पेठेत गलाईचे दुकान चालविणारे हे गृहस्थ मूळचे विट्याकडचे. जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या या धंद्यात खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतील कुटुंबे पिढ्यान्पिढ्या देशभर विखुरली आहेत, हे वाचकांपैकी अनेकांस ठाऊक असेल. पुढे एकदा त्यांच्या दुकानात जाण्याचा योग आला. भट्टीच्या वर, काजळीने कडा काळवंडलेल्या चौकटीत, पांढऱ्या दाढीची एक तसबीर होती. मी म्हणालो, "काका, कर्मवीर अण्णा!" त्यांनी भट्टीवरची नजर न काढताच विचारले, "तुम्ही रयतचे का?"

होय, मी रयतचा. साताऱ्याच्या धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालयातून मी एम. कॉम. झालो. ज्या डॉ. गाडगीळांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९६९ साली बँकांनी क्षेत्रनिहाय जबाबदारी घ्यावी असे सुचविले आणि ज्यातून अग्रणी बँक योजनेचा मार्ग खुला झाला, त्यांचे नाव असलेले महाविद्यालय रयत शिक्षण संस्थेचेच आहे. परंतु विद्यार्थी असताना कर्मवीर भाऊराव पाटील माझ्या लेखी जयंतीच्या हाराचे धनी होते, त्यापलीकडे फारसे कोणी नव्हते. त्यांच्या घराचा विचार मी प्रथम केला तो येथे, के. आर. पुरममध्ये, सोन्याच्या काट्यासमोर बसून.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. घराणे जैन, वडील पायगोंडा महसूल खात्यात नोकरीस. गंमत अशी की, या घराण्याचे पूर्वज कर्नाटकातील मूडबिद्रीचे. ज्या राज्यात मी परका म्हणून आलो, तेथूनच कर्मवीरांचे मूळ निघाले होते!

कोल्हापुरात शिकत असताना भाऊराव अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले. परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यापायी जैन वसतिगृहाचा आसरा त्यांना गमवावा लागला. शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोहोचले नाही. पुढे साताऱ्यात शिकवण्या केल्या, ओगल्यांच्या काचकारखान्यासाठी फिरले, किर्लोस्करांचे नांगर गावोगावी विकले. विक्रेत्याच्या या भटकंतीत त्यांना खेड्यांची जी ओळख झाली, ती कोणत्याही शाळेत झाली नसती. नांगर विकत घेणारा शेतकरी कर्जरोखा वाचू शकत नाही, हे त्यांनी ओसरीवर बसून पाहिले होते. १९१९ च्या विजयादशमीला, ४ ऑक्टोबर रोजी, कराडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली.

संस्थेचा इतिहास येथवर सर्वांना माहीत असतो. पुढचा भाग घरातला आहे.

साताऱ्याचे वसतिगृह प्रारंभी म्हणजे भाऊरावांचे बिऱ्हाडच. मराठा, जैन, मुसलमान, महार, मांग अशा सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवणार, हा निर्णय भाऊरावांचा. त्या पंक्तीसाठी भाकऱ्या थापणारे हात मात्र लक्ष्मीबाईंचे. सोवळ्या-ओवळ्याच्या वळणात वाढलेल्या या बाईंनी अस्पृश्य मुलाला आपल्या चुलीशी घेताना मनात काय ओलांडले असेल, याची नोंद कोठे सापडत नाही. सभेत समतेचे भाषण करणे अवघड असते हे मान्य. पण दररोज दोन वेळा ती समता रांधून वाढणे त्याहून अवघड असावे.

पैशाची आवक अनिश्चित होती. भाऊराव देणग्या आणि धान्य गोळा करण्यासाठी गावोगाव हिंडत. दळताना बायकांनी मूठभर धान्य मुलांसाठी बाजूला काढावे, अशी मुष्टिफंडाची योजना त्यांनी राबविली. (आमच्या अल्पबचतीच्या प्रचारपत्रकांत जे मुद्दे छापलेले असतात, ते येथे कागदाशिवायच अमलात आले होते.) तरीही मुले वाढत गेली आणि कोठी रिकामी होऊ लागली. तेव्हा लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना काढून दिला. अखेर भाऊराव फिरतीवर असताना कोठीत दाणा उरला नाही आणि त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही मोडले, असे रयतेत पिढ्यान्पिढ्या सांगितले जाते.

ही कथा मी शाळेत किमान दहा वेळा ऐकली असेल. प्रत्येक वेळी ती कर्मवीरांच्या त्यागाची कथा म्हणूनच ऐकली. सोनेतारणाच्या टेबलावर बसू लागल्यावर मात्र ती मला वेगळी दिसू लागली. आमच्या अर्जात एक रकाना असतो : तारण ठेवलेले दागिने कोणाच्या मालकीचे आहेत? काट्यावर सोने चढण्यापूर्वी त्याचे उत्तर लागते. येथील स्त्रिया मंगळसूत्राला 'ताळी' म्हणतात. ती तारण ठेवायची वेळ आली की सोन्याची पदके काढून देतात आणि गळ्यात हळदीचा दोरा तेवढा ठेवतात. काउंटरवरची गर्दी त्या क्षणी जराशी शांत होते, हे मी अनेकदा अनुभवले आहे.

तोच रकाना लक्ष्मीबाईंच्या बाबतीत भरायचा झाला तर? दागिने माहेरचे होते, म्हणजे स्त्रीधन. पतीचा त्यावर हक्क नव्हता. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर संस्थेच्या पहिल्या मोठ्या देणगीदारांत नाव लागते ते लक्ष्मीबाईंचे. भाऊरावांनी ती देणगी स्वीकारली, एवढेच.

येथे माझ्यातील बँक अधिकारी अडखळतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. घरचा पैसा आणि संस्थेचा पैसा वेगळा ठेवा, असे आम्ही ग्राहकांना बजावतो. नियमित उत्पन्न नाही, जे मिळते ते परक्या मुलांच्या पोटात जाते आणि घरातील सोने संपत आले आहे, असा अर्जदार समोर आला तर त्याला कर्ज मंजूर करण्याचे धाडस मी करणार नाही. त्या घराला उद्याची तरतूद नव्हती. ती जोखीम भाऊरावांनी स्वतः पत्करली होती. पण तिचा मोठा वाटा पत्नीच्या अंगावर पडला. हे नोंदविल्याने कर्मवीरांचे मोठेपण उणावते असे मला वाटत नाही. आपल्या कामाची किंमत कोण मोजते आहे, हे त्या घरात लपलेले नव्हते. ते रोज ताटात वाढले जात होते.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यास आले आणि वसतिगृहाला 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव मिळाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९३० मध्ये, लक्ष्मीबाई निवर्तल्या. १९३५ चे अध्यापक विद्यालय, १९४० चे महाराजा सयाजीराव हायस्कूल, 'कमवा आणि शिका' तत्त्वावर १९४७ मध्ये निघालेले छत्रपती शिवाजी महाविद्यालय, यांतले काहीच त्यांनी पाहिले नाही. भाऊरावांना १९५९ साली पद्मभूषण मिळाले, पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. आज संस्थेच्या शाखा सातशेहून अधिक आहेत. त्यांत सोलापूरचे एक महिला महाविद्यालय लक्ष्मीबाईंच्या नावे आहे.

गलाईवाल्या काकांचे वडील सयाजीराव हायस्कुलात शेतावर काम करून शिकले. "वडील म्हणायचे," काका सांगत होते, "भाकरी मोजून मिळायची, पण जात कुणी मोजली नाही." काकांच्या दोन खोल्यांच्या घरात सध्या गावाकडचे दोन पुतणे राहतात. एक पदविकेला आहे, दुसरा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला. काका ज्या कर्जासाठी आमच्या शाखेत प्रथम आले होते, ते दुसऱ्याच्या शुल्कासाठी.

गेल्या जूनमध्ये ते पुन्हा आले, या वेळी काकूंना घेऊन. शुल्काचा पुढचा हप्ता होता. मूल्यनिर्धारकाने चार बांगड्या कसोटीवर घासून पाहिल्या, वजन केले, कागद माझ्याकडे सरकवला. काकांनी सवयीने खिशातले पेन काढले.

"काका, बांगड्या कोणाच्या?" मी विचारले.

"हिच्या. माहेरच्या आहेत."

"मग अर्ज काकूंच्या नावे करू. सही त्यांची लागेल."

काकांनी एकवार काकूंकडे पाहिले आणि खुर्ची मागे घेतली. काकूंनी पदर सावरला, कागद स्वतःकडे ओढला आणि वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला. दोन ठिकाणी थांबून व्याजाचा दर आणि मुदत विचारून घेतली. मग मालकीच्या रकान्यात आपले संपूर्ण नाव, माहेरच्या नावासह, लिहिले. मी म्हणालो, "काकू, एवढं लागत नाही."

"असू द्या साहेब," त्या म्हणाल्या, "वाचता येईल असं लिहिलंय."