वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेली अमेरिका

विसाव्या शतकाच्या आरंभी कोकणातल्या सामान्य घराला अमेरिका माहीत झाली ती घासलेटच्या चौकोनी डब्यातून. एका लाकडी खोक्यात दोन डबे, प्रत्येकात ५ अमेरिकन गॅलन, म्हणजे जवळजवळ १९ लिटर तेल. हिंदुस्थानात हे तेल आधी अमेरिकेहून येई, पुढे रशिया आणि ब्रह्मदेशातूनही येऊ लागलं. तेल संपलं तरी डब्याचं काम संपत नसे. वरचा पत्रा कापून आडवी काठी ठोकली की विहिरीचं पाणी वाहायला तो तयार. कुणी त्यात तांदूळ भरून ठेवी, कुणी तो उलगडून पडवीच्या छपराला ठोकी. उंडलाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलाचा दिवा मागे पडला आणि माजघरात चिमणी आली, ती या डब्यामागोमाग.

त्या काळच्या अमेरिकेचं आपल्या मनातलं चित्र गगनचुंबी इमारती, मोटारी आणि आखूड केसांच्या नाचणाऱ्या मुलींचं आहे. ते खोटं नाही, पण फार अपुरं आहे. १९०० साली अमेरिकेची लोकसंख्या सुमारे ७ कोटी ६० लाख होती आणि दहातली सहा माणसं खेड्यापाड्यांत राहत होती. शहरी लोक निम्म्याहून अधिक झाले ते १९२० च्या जनगणनेत. शेतघरांत तर १९३० सालीही दहातल्या जेमतेम एका घरात वीज होती. म्हणजे आयोवातली शेतकरीण संध्याकाळी काच पुसून जो दिवा लावी, त्यातलं तेल आणि वेंगुर्ल्यातल्या चिमणीतलं तेल एकाच जातीचं होतं. पाणी विहिरीचं, संडास परसात, बाळंतपण घरीच. शतकाच्या पहिल्या दशकात दर दहा बाळांमागे साधारण एक बाळ पहिला वाढदिवस बघत नसे. सोमवारी धुणं, मंगळवारी इस्त्री असा बायकांचा आठवडा बांधलेला होता. धुण्याचा दिवस म्हणजे दिवसभर पाणी ओढणं, तापवणं, कपडे पिळणं. या श्रमांची नोंद श्रीमंतांच्या फॅशनच्या इतिहासात फारशी सापडत नाही, म्हणून ती इथे आधी केली.

त्या शेतघराला बाहेरचं जग दिसे ते टपालातून. १९०२ मध्ये खेड्यात दारोदार टपाल पोचवण्याची सेवा कायम झाली आणि १ जानेवारी १९१३ पासून पार्सलंही घरपोच मिळू लागली. टपालाने माल विकणाऱ्या सीअर्स रोबक कंपनीचा जाडजूड कॅटलॉग घराघरात गेला. त्यात टोप्या, झगे, नांगर, औषधं होतीच, १९०८ पासून आख्खं घर सुट्या भागांत मागवण्याचीही सोय झाली. कोकणात टपालाचा हाच रस्ता उलट अंगाने महत्त्वाचा होता. १८८० मध्ये हिंदुस्थानच्या टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि मुंबईच्या चाकरमान्याचा पगार गावातल्या चुलीपर्यंत पोचू लागला. तिकडे टपालाने वस्तू आणल्या, इकडे टपालाने घर चालवलं.

वेंगुर्ल्यात अमेरिका प्रत्यक्ष माणसांच्या रूपानेही आली. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं काम कोल्हापूर, रत्नागिरी, सांगली, मिरज या भागात चालू होतं. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय नावारूपाला आणलं, तर वेंगुर्ल्यात सेंट ल्यूक्स हॉस्पिटल आणि डॉ. रॉबर्ट गोहीन ही नावं रुजली. धर्मप्रसार हा मिशनचा उघड हेतू होता आणि त्याविषयी गावात मतभेद असणं स्वाभाविकच. पण अडलेली बाळंतीण आणि मोतीबिंदूने आंधळा झालेला म्हातारा यांच्यासाठी शस्त्रक्रियेची खोली जवळ असणं ही साधी गोष्ट नव्हती. पावसाळ्यात आगबोटी बंद, घाटरस्ता चिखलात, अशा गावात ते हॉस्पिटल उभं होतं.

याच डॉक्टरांच्या घरी १५ ऑगस्ट १९१९ रोजी वेंगुर्ल्यात एक मुलगा जन्मला. रॉबर्ट फ्रान्सिस गोहीन. शाळा कोडाईकनालला, मग वयाच्या पंधराव्या वर्षी अमेरिकेत. १९५७ ते १९७२ तो प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष होता. त्या विद्यापीठाने पदवीसाठी मुलींना प्रवेश दिला तो त्याच्याच कारकिर्दीत, १९६९ साली. १९७७ मध्ये तो अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतात परत आला. वेंगुर्ल्यात जन्मलेल्या माणसांची यादी करताना हे नाव आपण क्वचित घेतो, ते घ्यायला हवं.

आता कपड्यांकडे येऊ, कारण शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत अमेरिकेतली बाई जितकी बदललेली दिसते तितकं दुसरं काहीच दिसत नाही. १९०० च्या सुमारास चार्ल्स डेना गिब्सनच्या रेखाचित्रांतली तरुणी हा आदर्श होता. केस उंच बांधलेले, कंबर कॉर्सेटने आवळलेली, जमिनीवर लोळणारा परकर. पण तिच्या अंगात एक नवी गोष्टही होती. पुरुषी शर्टाच्या धर्तीचा, पुढे बटणं असलेला सुती झंपर. तो धुता येई, स्वस्तात तयार मिळे आणि तो घालून टंकलेखनाच्या यंत्रापुढे बसता येई. कचेरीत, दुकानात, शाळेत नोकरी करणाऱ्या मुलीचा तो जवळजवळ गणवेशच झाला. पुरुषांच्या गळ्यात खळ घालून कडक केलेली सुटी कॉलर असे. शर्ट दोन दिवस चाले, कॉलर रोज बदलायची. १९०३ मध्ये जिलेटचा सुरक्षित वस्तरा बाजारात आला आणि न्हाव्याकडची फेरी कमी झाली. पहिल्या महायुद्धानंतर परकर वर सरकत सरकत १९२५-२६ च्या सुमारास गुडघ्याला टेकला, कॉर्सेट सुटलं, केस कानापाशी कापले गेले. १९२० मध्ये बायकांना देशभर मताधिकार मिळाला. कापलेले केस आणि मताचा हक्क यांचा संबंध तेव्हाच्या वडीलधाऱ्यांनी अचूक ओळखला होता, म्हणून तर ते इतके चिडले.

हे सगळं शिवलं कुणी? सिंगर कंपनीच्या यंत्रांनी. हप्त्यांवर यंत्र विकण्याची रीत या कंपनीने जगभर रुजवली. १९०८ मध्ये तिने न्यूयॉर्कला ४७ मजल्यांची, ६१२ फूट उंच इमारत बांधली, त्या वेळी ती जगात सर्वांत उंच होती. हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकातच सिंगर आलं होतं. नसरवानजी मेरवानजी पटेल हे पारशी गृहस्थ त्याचे इथले प्रतिनिधी. कोकणच्या बाजारपेठांतही शिंप्याच्या दुकानापुढे पायाने चालवायचं यंत्र आलं. नऊवारी लुगड्याला शिवणाची गरज नव्हती. पण चोळीच्या जागी पोलकं, मुलींना परकर-पोलकं, मुलांना शाळेसाठी सदरा आणि विजार, ही सगळी शिवणकामं वाढली. कित्येक विधवांनी या यंत्रावर मुलं शिकवली, याचा उल्लेख इथे झालाच पाहिजे.

त्याच यंत्राची दुसरी बाजू न्यूयॉर्कमध्ये २५ मार्च १९११ रोजी दिसली. ट्रँगल कंपनीचा झंपर शिवण्याचा कारखाना एका इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर होता. शनिवारी सुट्टीच्या सुमारास आग लागली. एक दार कुलूपबंद होतं. १४६ माणसं मेली, त्यांत बहुतेक तरुण मुली, इटालियन आणि पूर्व युरोपातल्या ज्यू स्थलांतरितांच्या. काहींनी नवव्या मजल्यावरून उड्या टाकल्या. रस्त्यावरून हे पाहणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स होत्या. १९३३ मध्ये त्या अमेरिकेच्या मजूरमंत्री झाल्या, त्या देशाच्या मंत्रिमंडळातल्या पहिल्या स्त्री.

कोकणी वाचकाला या मुलींची गोष्ट परकी वाटू नये. १९०७ या एका वर्षात एकट्या एलिस बेटावरून दहा लाखांवर माणसं अमेरिकेत शिरली. त्याच काळात तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे वेंगुर्ला-मालवणसकट सगळ्या पट्ट्यातून, माणसं बोटीने मुंबईला उतरत होती आणि गिरणगावातल्या एका खोलीत दहा-बाराजण पाळ्यापाळ्यांनी झोपत होती. खानावळवाल्या बाईच्या हातचं जेवण, गावच्या मंडळाची खोली, पगाराच्या दिवशी मनीऑर्डर. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये गावाच्या नावाने काढलेली मंडळं होती, घरात ठेवलेले भाडोत्री होते आणि गावाकडे पाठवायचे पैसे होते. करमणूकही एकाच जातीची. १९०५ पासून अमेरिकेत पाच सेंटांत चित्रपट दाखवणारी छोटी थिएटरं पसरली, मजूर तिथे गर्दी करत. मुंबईतल्या ‘अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस’मध्ये दादासाहेब फाळक्यांनी येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

काही मराठी माणसांनी ती अमेरिका जवळून पाहिली. श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ मध्ये कॉर्नेलला गेले. वेंगुर्ल्यापासून फार दूर नसलेल्या गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९१० मध्ये हार्वर्डला ‘विसुद्धिमग्ग’ या पाली बौद्ध ग्रंथाच्या संपादनासाठी गेले. आणि १९१३ च्या जुलैत भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. त्यांचं मूळ गाव आंबडवे याच रत्नागिरी जिल्ह्यातलं. पोट आवळून त्यांनी जुनी पुस्तकं घेतली. परदेशातल्या वर्षांत आपल्या अस्पृश्यतेची जाणीवच पुसली गेली होती, असं त्यांनी पुढे लिहिलं. पण त्याच देशाच्या दक्षिणेत काळ्या माणसाला आगगाडीचा डबा वेगळा होता, शाळा वेगळी होती आणि ते शिकत होते त्या कोलंबिया विद्यापीठाशेजारच्या हार्लेममध्ये त्या जाचातून निघालेली कुटुंबं येत होती. १९१७ च्या कायद्याने हिंदी मजुरांना अमेरिकेची दारं बंद केली, १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी माणसाला नागरिकत्व नाकारलं गेलं. त्या काळच्या झगमगाटाचं वर्णन करताना हे वगळणं अप्रामाणिकपणाचं होईल.

मोटारीने मात्र सगळ्यांचंच जगणं बदललं. हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये ८५० डॉलरला आली. १९१३ मध्ये सरकत्या पट्ट्यावर मोटार जोडण्याची रीत सुरू झाली, पुढच्या जानेवारीत कामगाराला दिवसाला ५ डॉलर देण्याची घोषणा झाली आणि १९२५ च्या सुमारास तीच गाडी ३०० डॉलरच्या आत मिळू लागली. शेतकरी शनिवारी शहरात जाऊ लागला, तरुण मुलगा-मुलगी घरच्यांच्या नजरेआड फिरू लागली. मोटारीच्या जोडीला रेडिओही आला. १९२० च्या नोव्हेंबरात पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने निवडणुकीचे निकाल रेडिओवरून ऐकवले.

याच दशकात एका वस्तूने उलटा प्रवास सुरू केला. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरचा काजूगर अमेरिकेला जाऊ लागला. सुरुवातीला वाटेतच त्यात किडे पडत. मग डब्यातली हवा काढून कार्बन डायऑक्साइड भरण्याची युक्ती निघाली आणि केरळातल्या कोल्लमचा माल न्यूयॉर्कच्या मेजवान्यांत पोचला. टरफलातलं झोंबणारं तेलही पुढे मोटारींच्या ब्रेकच्या अस्तरासाठी कामाला आलं. काजू फोडणाऱ्या बायका त्या तेलाने बोटं भाजू नयेत म्हणून हाताला राख किंवा तेल लावत. वेंगुर्ल्यात आज काजूच्या जातींवर संशोधन होतं, ‘वेंगुर्ला’ नावाच्या जाती देशभर लागवडीत आहेत. बिया फोडण्याचं काम अजूनही बहुतांशी बायकाच करतात.