जखमेचा ताळेबंद

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा व सावरगाव यांच्यामधील जाम नदीच्या पात्रात गोटमार होते आणि तीत दरवर्षी अनेकांना जखमा होतात. संत्र्याच्या बागेतील काटा किंवा दुकानातील गंजका खिळा यांच्या जखमा तर बारमाही आहेत. बहुतेक जखमा यथाकाल भरून येतात. परंतु क्वचित एखाद्या जखमेतून जंतू आत शिरून कातडीखालील चरबी व स्नायूंवरील आवरण झपाट्याने सडवितात. या रोगास नेक्रोटायझिंग फॅसायटिस म्हणतात. मधुमेही मनुष्यास त्याचा धोका अधिक असतो. आणि गादीवर बैठे काम करणाऱ्या आम्हां व्यापाऱ्यांस मधुमेह अपरिचित नाही.

रुग्णाची स्थिती अजमावण्यासाठी डॉक्टर गुण मांडतात. ही रीत व्यापाऱ्यास सहज उमगेल. एका नोंदीवरून पेढीची खरी स्थिती कळत नाही. सर्व खाती ताळेबंदात एकत्र आली म्हणजे कळते. सिंगापूरच्या डॉक्टरांनी २००४ साली 'लरिनेक' नावाची पद्धत मांडली. तीत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन, सोडियम, क्रिएटिनिन व साखर या रक्ताच्या ६ तपासण्यांस मिळून १३ पर्यंत गुण देतात. ६ किंवा अधिक गुण झाल्यास या रोगाचा संशय बळावतो.

रोग ओळखल्यावर पुढील भाकितासाठी 'सोफा' ही पद्धत उपयोगी पडते. श्वसन, रक्त गोठण्याची क्रिया, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू व मूत्रपिंड यांस प्रत्येकी ० ते ४, असे एकूण २४ पर्यंत गुण असतात. बेरीज जितकी मोठी, आणि दिवसागणिक जितकी वाढती, तितका जीवास धोका अधिक.

तथापि ताळेबंद म्हणजे व्यापार नव्हे. अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून २०१९ साली असे आढळले की, 'लरिनेक'चे ६ गुण हे माप लावल्यास १०० पैकी सुमारे ६८ रुग्णच हाती लागतात, उरलेले निसटतात. यास्तव कमी गुण म्हणजे अभय नव्हे. सडलेला भाग शस्त्रक्रियेने त्वरित काढणे हाच मुख्य उपाय असून, विलंबाने मृत्यूचा धोका वाढतो.

म्हणून घरच्या मंडळींनी काही खुणा ध्यानी ठेवाव्यात. जखम दिसावयास लहान, पण वेदना असह्य. काही तासांतच पसरणारी सूज. जांभळी वा काळी पडणारी कातडी, फोड, ताप. रुग्णाचे असंबद्ध बोलणे किंवा मिनिटास २२ हून अधिक श्वास. यांपैकी काही दिसताच लेप, शेक व घरगुती उपचारांत वेळ दवडू नये. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. तरी मोठ्या शस्त्रक्रियेसाठी आपल्याकडील पुष्कळ कुटुंबे नागपूरचाच रस्ता धरतात. तेव्हा प्रवासाचा वेळही हिशेबात धरून डॉक्टरांच्या सल्ल्याने लौकर निघावे.

उधारी महिनाभर लांबली तरी वसूल होऊ शकते. या रोगात मात्र वाया गेलेली एक रात्र कोणत्याही खात्यात परत जमा होत नाही, एवढेच आमचे सभासद बंधू-भगिनींस सांगणे आहे.