रिकामी पिकअप हायवेवर नाचते? पंप बदलण्याआधी मागचे पाटे मोजा

कांदा उतरवून पिकअप रिकामी परत निघते आणि ताशी ७० किलोमीटरचा वेग आला की चालकाचे हात आखडतात. स्टिअरिंग जरासे हलवले तरी गाडी शेजारच्या लेनकडे धावते, सावरायला जावे तर उलट्या बाजूला. जाताना माल भरलेला होता, तेव्हा हीच गाडी मुकाट सरळ चालत होती. जुन्या पिकअपची अशी तक्रार गॅरेजमध्ये नेली की उत्तर बहुधा तयारच असते : पॉवर जास्त मारतेय, पंप बदलून टाकू. पंपात दोष असू शकतो. पण तो शेवटी तपासायचा आणि सर्वात महाग पडणारा भाग आहे.

मदत कधी मिळते, कधी नाही

हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमध्ये इंजिनच्या बेल्टवर फिरणारा पंप तेल ढकलतो. स्टिअरिंगचा दांडा जिथे बॉक्सला किंवा रॅकला मिळतो, तिथे आत एक बारीक पोलादी सळई असते. तिला टॉर्शन बार म्हणतात. तुम्ही स्टिअरिंग फिरवले की ही सळई किंचित पिळली जाते, त्या पिळाने व्हॉल्व्ह उघडतो आणि तेलाचा दाब चाके वळवायला मदत करतो. जेवढा पीळ, तेवढी मदत. सरळ रस्त्यावर हात सैल असताना पीळ जवळपास नसतो, म्हणून मदतही नसते.

हायवेवर गाडी सरळ ठेवण्याचे काम पुढच्या चाकांचे कोन करतात. त्यातला मुख्य कोन कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा बघा, तो वरच्या टोकाला मागे कललेला असतो. त्यामुळेच चालती सायकल फार हात न लावताही सरळ जाते. पिकअपची पुढची चाके ज्या अक्षावर वळतात, तोही असाच मागे कललेला असतो. हा कल कमी झाला की चाक आपणहून मध्यावर येत नाही. चालकाला सतत दुरुस्ती करावी लागते, आणि पॉवरमुळे ती प्रत्येक वेळी जरा जास्तच होते.

पाट्यांचा हिशेब

जास्त माल झेपावा म्हणून मागे एखाद-दुसरा पाटा वाढवणे ही आपल्याकडची जुनी सवय. त्याने रिकाम्या गाडीचा मागचा भाग उचलला जातो आणि नाक खाली जाते. पुढच्या आणि मागच्या चाकांत ३ मीटर अंतर असेल आणि मागची बाजू ५ सेंटिमीटर उचलली गेली, तर चासी जवळपास १ अंश पुढे झुकते. कॅस्टरही तेवढाच घटतो. मूळचा कॅस्टर २ किंवा ३ अंशांचाच असेल तर हा मोठा तोटा आहे. त्यात वर्षानुवर्षे वापरून पुढचे पाटे किंवा स्प्रिंग बसलेले असले की आणखी भर. माल भरला की मागची बाजू खाली दबते, कॅस्टर परत येतो आणि गाडी शहाण्यासारखी चालते. त्यामुळे ‘रिकामी नाचते की भरलेली?’ हा प्रश्न मेकॅनिकने आधी विचारायला हवा. भरल्यावरच पुढून हलकी होत असेल तर माल मागच्या एक्सलच्याही मागे रचला जातोय का, ते पाहा.

पिकअप रिकामी असताना मागून थोडी उंच असतेच. म्हणून सपाट जागी उभी करून, पाटे न वाढवलेल्या त्याच मॉडेलच्या गाडीशी उंची ताडून पाहा. फरक दिसला तर वाढीव पाटे काढणे आणि पुढचे बसलेले पाटे बदलणे हा सरळ उपाय. पुढे सरळ एक्सल असलेल्या गाडीत एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये पाचर घालूनही कॅस्टर वाढवता येतो. मात्र पाचर उलटी बसली तर दुखणे दुप्पट होते, आणि यू-बोल्ट पुन्हा नीट कसावे लागतात. अनेक अलाइनमेंटच्या दुकानांत फक्त ‘टो’ जुळवून गाडी सोडतात. दोन्ही चाकांच्या कॅस्टरचे आकडे छापील मागा.

टोसुद्धा महत्त्वाचा आहेच. पुढची चाके समोरून बाहेर फाकलेली असली की गाडी इकडेतिकडे पळते. टायरमधली हवा दरवाजाजवळच्या स्टिकरप्रमाणे ठेवा. मूळ स्टिअरिंग काढून लहान व्यासाचे शौकीन स्टिअरिंग लावले असेल, तर हाताच्या तेवढ्याच हालचालीत चाके जास्त वळतात. ते काढून मूळचे बसवा.

मग प्ले. पुढचे चाक जॅकवर उचला आणि खाली मजबूत स्टँड द्या, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. चाक डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खटखट झाली तर टाय रॉड एंड, वर-खाली धरून झाली तर बॉल जॉइंट, किंग पिन किंवा बेअरिंग संशयित. जोड सैल असला की आधी काहीच होत नाही आणि मग गाडी एकदम वळते. चालकाला तेच ‘फार हलके’ वाटते.

हा प्ले घालवण्यासाठी स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळणे हा गॅरेजमधला आवडता जुगाड. तो जास्त कसला तर बॉक्स मध्यावर अडकतो, स्टिअरिंग परत फिरत नाही आणि गाडी आधीपेक्षा जास्त भरकटते.

पंपाची पाळी

पंपात तेलाचा प्रवाह मर्यादेत ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. काळ्या, गाळ झालेल्या तेलाने तो अडकला की मदत कमी-जास्त होते. कंपनीने सांगितलेले तेल घालून बदल करा, हाताशी असेल ते मिसळू नका. भंगारातून दुसऱ्या गाडीचा पंप बसवलेला असेल तर प्रवाह जास्त असू शकतो. अशा वेळी नुसता दाब कमी करून उपयोग नाही, त्याने फक्त उभ्या गाडीत स्टिअरिंग जड होईल. प्रवाह घटवावा लागतो.

मूळ हातस्टिअरिंगच्या गाडीला नंतर पॉवर बसवली असेल तर पुन्हा कॅस्टरकडेच या. जास्त कॅस्टरने हाताला स्टिअरिंग जड लागते, म्हणून अशा गाड्यांत तो मुळातच कमी ठेवलेला असतो. पॉवर आल्यावर तो वाढवणे परवडते, पण बसवताना ते बहुधा कोणी करत नाही.

एक चाचणी मात्र टाळू नका. पुढची दोन्ही चाके स्टँडवर उचला, स्टिअरिंग सरळ ठेवा, हात बाजूला घ्या आणि इंजिन सुरू करा. चाके आपोआप एका बाजूला वळू लागली तर बॉक्स किंवा रॅकमधला व्हॉल्व्ह बिघडला आहे. ती गाडी दुरुस्तीपर्यंत रस्त्यावर काढू नका, रिकामीही नाही.