मार्च एंडिंग, रोजा आणि सहाशे किलोमीटर

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा मागे सरकतो. सरकत सरकत यंदा तो मार्चला येऊन भिडला आहे. कचेरीत काम करणाऱ्याला याचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही. वसुलीचं उद्दिष्ट, खर्ची टाकायचा निधी, अडकलेली बिलं, ताळेबंद, रोज दुपारची व्हीसी, आणि वरिष्ठांचा फोन तर इफ्तारच्या पाच मिनिटं आधी हमखास. अशा दिवसांत कुणी म्हणालं, की मला सुट्टीत दोनशे किलोमीटर सायकल चालवायची आहे, तर घरचे त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतील ते सांगायला नको. पारोळ्यात हेल्मेट घालून पहाटे निघालं तरी चहाच्या टपरीवरून आवाज येतोच, ‘कथा चालना रे भो?’ धुळ्याला जाऊन परत येतो म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘एसटी बंद शे का?’

एसटी सुरू आहे. पारोळ्याला रेल्वे नाही, त्यामुळे एसटी हाच आपल्या नोकरदारांचा आधार. कुणी जळगावला, कुणी धुळ्याला, कुणी अमळनेरला अपडाऊन करतो. दिवसाचे दोन-तीन तास त्या अपडाऊनमध्येच जातात. नोकरी आणि लांब पल्ल्याची सायकल यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न विचारला की लोक पायांच्या ताकदीबद्दल बोलू लागतात. माझ्या मते पायांचा यात फारसा संबंध नाही. हा सगळा तासांचा हिशोब आहे, आणि ते तास कुणाच्या खात्यातून काढले जातात याचा.

हा खेळ मुळात नोकरदारांना सोयीचा आहे हे फार जणांना माहीत नसतं. सायकल म्हटलं की डोळ्यांसमोर टूर द फ्रान्सचे व्यावसायिक खेळाडू येतात. पण लांब पल्ल्याच्या सायकलिंगची एक दुसरी परंपरा आहे. १८९७ साली इटलीतले काही सायकलस्वार रोम ते नेपल्स हे दोनशेहून अधिक किलोमीटरचं अंतर एका दिवसाच्या उजेडात कापून गेले. त्यांना लोकांनी ‘ऑडाक्स’ म्हटलं, म्हणजे धाडसी. उगवतीपासून मावळतीपर्यंतची ती स्वारी होती. रोजा ठेवणाऱ्या माणसाला दिवसाचं हे माप ओळखीचं वाटावं. पुढे १९०४ मध्ये पॅरिसमध्ये ऑडाक्स क्लब स्थापन झाला. आज जगभर, आपल्या महाराष्ट्रातसुद्धा, ज्या ‘ब्रेव्हे’ किंवा बीआरएम स्वाऱ्या होतात त्यांना मान्यता देतो तो हाच क्लब.

ब्रेव्हेत पहिला-दुसरा नंबर नसतो. अंतर ठरलेलं आणि वेळेची मर्यादा ठरलेली: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. एका हंगामात ही चारही अंतरं पुरी केली, की माणूस ‘सुपर रँदोनिअर’ म्हणवला जातो. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का किंवा नोंद घ्यायची, आपलं पंक्चर आपणच काढायचं, खाणं-पिणं आपलं आपण बघायचं. पहिला आला काय आणि शेवटचा आला काय, मान दोघांना सारखाच.

आता त्या चाळीस तासांकडे कचेरीच्या डोळ्यांनी पाहा. शनिवारी सकाळी सहाला निघालं, तर मर्यादा संपते रविवारी रात्री दहाला. सोमवारी सकाळी माणूस खुर्चीत हजर. म्हणजे हे गणित बसतं, पण शनिवार-रविवार दोन्ही मोकळे असतील तरच. राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला तो २९ फेब्रुवारी २०२० पासून. बदल्यात दिवस लांबला, पावणेदहा ते सव्वासहा झाला. त्यावर तक्रारी खूप झाल्या, पण सायकलवाल्या कर्मचाऱ्याच्या हाती पहिल्यांदाच दर आठवड्याला सलग दोन दिवस आले. बँकेतल्या माणसाला दुसरा आणि चौथा शनिवार मिळतो, म्हणजे महिन्यात दोनदा संधी. पतसंस्थेत, दुकानात, खाजगी कंपनीत काम करणाऱ्याला एक रविवार, तोही मालकाच्या मर्जीवर. दोनशेची स्वारी रविवारात मावते. सहाशेचं स्वप्न पाहायला आधी शनिवार मिळवावा लागतो. हा छंद महाग आहे असं लोक म्हणतात ते सायकलच्या किमतीमुळे. मला खरी महाग वाटते ती सुट्टी.

‘नोकरी करून हे जमत नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठी शेजारच्या नाशिकचं उदाहरण आहे. अमेरिकेत पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ १९८२ पासून होते. एकदा सुरू झाली की थांबत नाही. रात्र असो, वाळवंट असो की डोंगर, घड्याळ चालूच. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून ती नऊ दिवसांच्या मर्यादेत पूर्ण केली. असं करणारे ते पहिले भारतीय. एक भाऊ भूलतज्ज्ञ, दुसरा दंतवैद्य. भूलतज्ज्ञाचं आयुष्य ज्याने जवळून पाहिलं असेल त्याला कळेल, की रात्री दोनला सिझेरियनसाठी बोलावणं येणाऱ्या माणसाने सरावाचे तास काढणं म्हणजे काय. दोघांच्या संघात एक सायकलवर असताना दुसरा गाडीत पाठ टेकतो. तिथली झोप तासांत नाही, मिनिटांत मोजायची.

त्यानंतर दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, हीच स्पर्धा एकट्याने पूर्ण करणारे पहिले दोन भारतीय एकाच वेळी पुढे आले: लष्करातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ. एकट्यासाठी मर्यादा बारा दिवसांची, आणि दोघेही ती संपायला काही तास उरले असताना पोहोचले. गोकुळनाथ यांना आदल्या वर्षी स्पर्धा अर्ध्यात सोडावी लागली होती. एका वर्षाने ते परत गेले ते लष्कराची नोकरी सांभाळूनच. समर्थ यांनी २०१८ मध्ये मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजार किलोमीटरहून मोठी ट्रान्स-सायबेरियन स्पर्धाही पूर्ण केली.

चौघेही डॉक्टर, हा योगायोग मला मजेशीर वाटतो. रात्रपाळीने माणसाला तुटक झोपेवर काम करायला शिकवलेलं असतं, हे एक कारण असावं. पण या चौघांच्या कथा वाचून लगेच पेटून उठणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी. अशा स्वारीमागे गाडी चालवणारी, खाणं देणारी, झोप येतेय का ते पाहणारी माणसं असतात. आपल्या महामार्गावर पहाटे चारला आपल्यामागे फक्त ट्रक असतो.

खरी भीती तिथे आहे. आपला महामार्ग, पूर्वीचा सहा आणि आताचा ५३, सुरतेहून थेट ओडिशातल्या पारादीपकडे जातो. त्यावरचा ट्रकवाला आपल्यासारखाच कमी झोपलेला असतो. १९९७ साली ऑस्ट्रेलियातले संशोधक ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड यांनी दाखवून दिलं, की सतरा तास सलग जागं राहिल्यावर माणसाचे हात आणि लक्ष इतके मंदावतात, की रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखं काम होतं. चोवीस तास जागरण झालं की ते ०.१० टक्क्यांसारखं. आपल्याकडे वाहन चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. दारूच्या थेंबाला न शिवणारा माणूस नुसत्या जागरणाने त्या रेषेपलीकडे जाऊ शकतो, आणि त्याच्या तोंडाला वासही येत नाही.

आता रमजानमधली झोप मोजा. तरावीह आटोपून घरी यायला साडेदहा, थोडं खाणं-बोलणं, पाठ टेकेपर्यंत अकरा. सहेरीला सव्वाचारला उठायचं. फजरनंतर मिळाली तर तासभर डुलकी, मग कचेरी. एरवी पहाटे पाच ते सात हा सायकलवाल्यांचा हक्काचा वेळ. तो या महिन्यात जातो. संध्याकाळी सव्वासहाला सुटणाऱ्या कर्मचाऱ्याला साडेसहा-पावणेसातच्या इफ्तारआधी घरी पोहोचणंच मुश्कील. मग रात्री अकराला दिवा लावून महामार्गावर जायचं का? काही तरुण मुलं जातात, मोबाइलवर किलोमीटर टाकतात. मला ते पटत नाही, आणि मोठ्यांनी हे त्यांना स्पष्ट सांगायला हवं.

या महिन्यात मी लांबची स्वारी करत नाही. प्रवाशाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे, हे मित्र आठवण करून देतात, विशेषतः हिंदू मित्र. पण हौसेच्या प्रवासाला ती लागू करायची का, हे आलिमांना विचारावं. माझी तेवढी हिंमत नाही. रविवारी असरनंतर तामसवाडीच्या बाजूला तासभर हळू चक्कर मारतो आणि अजानच्या वीस मिनिटं आधी घरी असतो. दम लागेल असं काही करायचं नाही. साधं कारण आहे. शरीर आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा ठेवतं, तो जोरात सायकल चालवली तर दीड-दोन तासांत उतरतो. दिवसभराच्या उपवासानंतर तो आधीच कमी झालेला असतो, आणि पाणी तर पहाटेपासून नाही. अशा वेळी चढावर जोर लावला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. वेग कमी ठेवला तर शरीर चरबीवर भागवून नेतं. अजान झाली की खजूर, पाणी, लिंबू-मीठ-साखर, मग अर्ध्या तासाने जेवण. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एवढंही करू नये.

तासांच्या खात्याकडे परत येतो. ते तास बहुतेक वेळा बायकोच्या रविवारातून काढलेले असतात. नवरा सकाळी सहाला निघून रात्री सातला परततो, आंघोळ करून झोपतो, आणि मेडलचा फोटो टाकतो. त्या दिवशी मुलाचा अभ्यास कुणी घेतला, सासूबाईंना दवाखान्यात कुणी नेलं, हे फोटोत दिसत नाही. रमजानमध्ये तर सहेरीसाठी सगळ्यांत आधी तिला उठावं लागतं आणि सगळ्यांत शेवटी तीच झोपते. दोनशेची ब्रेव्हे करणाऱ्याने पुढचा रविवार पूर्ण घरी द्यावा, असा नियम काही सायकल गटांत तोंडी पाळला जातो. चांगला आहे. मला तो अपुरा वाटतो, कारण दिलेला रविवार नवऱ्याच्या विश्रांतीतच जातो. त्यापेक्षा तिच्यासाठी सायकल घ्यावी. पारोळ्यात शाळेतल्या मुली सायकलीवर जाताना रोज दिसतात. लग्न झाल्यावर त्यांची सायकल कुठे जाते?

छंदाचा कचेरीला फायदा होतो का, असं वरिष्ठ विचारतात. होतो, पण कार्यशाळेत सांगतात तसा नाही. चारशे किलोमीटरच्या स्वारीत रात्री दोनला, समोरून वारा असताना, पुढच्या नोंदीच्या ठिकाणापलीकडचा विचार माणूस करत नाही. अडतीस फायली टेबलावर असल्या की तीच सवय उपयोगी पडते: ही फाईल, मग पुढची. मात्र ज्या कचेरीत तीन माणसांचं काम एकावर टाकलं जातं, तिथे सायकल चालवून ताण जाईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तिथे रिक्त पदं भरायला हवीत.

ईदनंतर खानदेशात दिवस फार हातात नसतात. एप्रिल लागला की पारा चाळिशीकडे धावतो, आणि दहानंतर डांबर तापतं. पण महिनाभर सव्वाचारला जागं होण्याची सवय ईदनंतर आठवडाभर तरी टिकते. आणि तेव्हा मात्र दहाला झोपता येतं. आमचे चार-पाच जण त्या आठवड्यातल्या रविवारी साडेचारला निघून एरंडोलवरून पद्मालयला जाणार आहेत. गणपतीच्या तळ्याकाठी थोडं थांबायचं आणि ऊन चढायच्या आत परत, जाऊन-येऊन सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. गिअरची सायकल असलीच पाहिजे असं नाही. ज्यांना यायचं असेल त्यांनी हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि जादा ट्यूब आणावी. केळी मी आणतो, रावेरची.